पाड्याच्या वाटेवर वीटभट्टी लागते

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत ठाण्यातील एका पालकांचे पत्र प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी त्यांचा मुलगा जव्हार तालुक्यातील एका पाड्यावर गेला होता. परत आल्यापासून तो जेवणाच्या ताटावर मजुरीचे, जमिनीचे आणि पाण्याचे विषय काढतो, वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न विचारतो आणि निवडणुकीत कोणाला मत द्यावे यावर घरात वाद घालतो, अशी त्यांची तक्रार आहे. महाविद्यालयांनी मुलांना खेड्यात न्यायचे असेल तर श्रमदान करवून घ्यावे आणि परत आणावे, त्यांच्या डोक्यात राजकारण भरू नये, अशी मागणी त्यांनी शेवटी केली आहे. त्या पत्रातील काळजी खरी आहे आणि ती ज्या सभ्यतेने मांडली आहे तिचा मी आदर करते. मी ठाण्यातील एका महाविद्यालयात एकवीस वर्षे शिकवले आणि त्यांतली आठ वर्षे याच योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केले. त्यामुळे या पत्राला उत्तर देणे हे मला माझे कर्तव्य वाटते.

पहिली गोष्ट सांगायला हवी ती ही, की राजकारण शिकवायला त्या सात दिवसांत आम्हाला सवडच नसते. सकाळी प्रभातफेरी, मग दुपारपर्यंत श्रमदान, जेवण, दुपारचे व्याख्यान, संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम, रात्री दिवसाचा आढावा आणि मधल्या वेळात चाळीस-पन्नास मुलांचा स्वयंपाक, आजारपण आणि भांडणे, असा तो दिनक्रम असतो. व्याख्यानेही बहुधा अंधश्रद्धा, व्यसनमुक्ती, स्वच्छता अशा विषयांवर असतात आणि खरे सांगायचे तर दमलेली मुले त्यांत पेंगतात. मुलांना जे काही मिळते ते आमच्या वेळापत्रकाबाहेर मिळते. ते कसे मिळते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून एक प्रसंग जरा विस्ताराने सांगते.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या अखेरीस आमचे शिबिर जव्हारपलीकडच्या एका पाड्यावर होते. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचे काम आम्ही घेतले होते. दुसऱ्या दिवशी घरोघरी पाहणी करायला गेलेली वाणिज्य शाखेची एक मुलगी संध्याकाळी माझ्याकडे वही घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, मी सव्वीस घरं केली. सगळीकडे आजी-आजोबा आहेत, नाहीतर लहान मुलं आहेत. आईबाबांच्या वयाचं कोणीच नाही. पाहणी चुकलीय का माझी?” पाहणी चुकलेली नव्हती. अनेक घरांना कुलूप नव्हते, कारण कुलूप लावावे असे आत काही नव्हते. नुसती कडी ओढून दोरी बांधलेली होती. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी एका म्हाताऱ्या आजींकडे गेले. कुडाच्या भिंतीला टेकून त्या नागली पाखडत होत्या. मुलीने विचारले, “आजी, घरातली बाकीची माणसं कुठे आहेत?” सूप खाली न ठेवता आजी म्हणाल्या, “भट्टीला गेलेत सगळे. दिवाळी झाली का जातात. तुमच्याच बाजूला.”

‘तुमच्याच बाजूला’ हे दोन शब्द त्या मुलीने रात्रीच्या आढाव्यात सगळ्यांसमोर सांगितले. तोपर्यंत मुलांना वाटत होते, की आपण शहरातून लांब, कुठल्या तरी मागे राहिलेल्या जगात आलो आहोत. आपण इथे आलो तेव्हा इथली माणसे आपल्या वेशीवर राहायला गेलेली आहेत, हे ऐकल्यावर त्या रात्री कोणी गाण्याच्या भेंड्या खेळले नाही. परतीच्या दिवशी मुलांनीच आग्रह धरला आणि वाडा ओलांडून भिवंडीच्या दिशेने येताना रस्त्याकाठच्या एका वीटभट्टीपाशी आम्ही गाडी थांबवली.

भट्टीवर कच्च्या विटांच्या ओळी उन्हात मांडलेल्या होत्या आणि आठ-नऊ वर्षांची एक मुलगी त्या एकेक करून पालथ्या करीत चालली होती, म्हणजे दुसरी बाजू वाळावी. विटांवर विटा रचून, चिखलाचा हातही न लावता उभ्या केलेल्या आणि वर प्लास्टिकचा कागद टाकलेल्या खोपट्यांत माणसे राहत होती. त्यांची उंची इतकी कमी, की आत जाताना लहान मुलालाही वाकावे लागत होते. कोणत्या पाड्यावर शिबिर होते हे आमच्या एका मुलाने सांगितले, तेव्हा चिखल तुडवत असलेली एक बाई खाचरातून तशीच बाहेर आली आणि तिने विचारले, “म्हातारीला खोकला होता, बरी हाय का?” आम्ही सात दिवस ज्या पाड्यावर राहिलो तिथलीच ती होती. तिच्या सासूचा खोकला बरा आहे हा निरोप तिला आमच्या मुलांकडून मिळाला. पन्नास-साठ किलोमीटरवर असलेल्या आपल्या घरची खबर तिला दिवाळीनंतर पहिल्यांदा कळत होती. तिच्या नवऱ्याने सांगितले, की पावसाळ्यात घरी आजारपण निघाले तेव्हा बयाणा घेतला, आता विटा थापून तो फेडायचा, दर आठवड्याला खर्चीपुरते पैसे मिळतात आणि खरा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. हिशेबात किती उरते, असे एका मुलाने विचारल्यावर तो माणूस हसला आणि म्हणाला, “कधी उरतं, कधी पुढच्या सालाला जातं.” त्या मुलाने शिबिराच्या हजेरीपत्रकाच्या पाठीमागे आकडे मांडायला सुरुवात केली आणि ठाण्यात उतरेपर्यंत तो मांडत राहिला. पुढच्या महिन्यात ग्रंथालयातून त्याने १९७६चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा शोधून काढला आणि मला येऊन विचारले, की ज्या आगाऊ रकमेपायी माणसाला दुसरीकडे कामाला जाता येत नाही तिला कायद्यात काय म्हणतात. मी त्याला काहीही शिकवले नव्हते.

पत्रलेखकांना माझे विचारणे आहे, की या मुलाने काय करायला हवे होते? त्याने त्या बाईला शंभराची नोट द्यावी आणि गाडीत येऊन बसावे, हे आपल्याला चालले असते. त्याने हळहळावे, घरी येऊन ‘आपण किती सुखी आहोत’ असे म्हणावे, हेही चालले असते. मात्र मजुरीचा दर कोण ठरवतो, पाड्यावर हिवाळ्यात काम का नाही, भात निघाल्यावर जमीन कोरडी का पडते आणि हे सगळे ठरवणारी माणसे आपण निवडून देतो का, असे त्याने विचारताच आपण त्याला राजकारण म्हणतो. ते राजकारणच आहे, आणि याहून चांगल्या जागी त्याचा उगम होऊ शकतो असे मला वाटत नाही. १९८९पासून या देशाने अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती मत दिले आहे. ते मत त्याने जात, वाढदिवसाचे फलक आणि मोबाइलवर फिरणारे संदेश पाहून ठरवावे, त्यापेक्षा भट्टीवर हजेरीपत्रकामागे मांडलेले ते आकडे आठवून ठरवावे, असे मी एक शिक्षिका म्हणून म्हणेन.

खेड्यातले जग पाहून माणसाच्या विचारांना वळण लागणे हे काही आजचे नाही, आणि आपल्या ठाणे जिल्ह्याला तर ते मुळीच नवे नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला वेगळा झाला, पण डहाणू, तलासरी, जव्हार आणि मोखाड्याचा इतिहास हा ठाणे जिल्ह्याचाच इतिहास आहे. पुण्यात वाढलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या आणि भारत सेवक समाजाच्या पहिल्या महिला आजीव सदस्य झालेल्या गोदावरी परुळेकर १९४५च्या सुमारास वारल्यांच्या गावांत पोहोचल्या, तेव्हा त्या कोऱ्या पाटीच्या नव्हत्या. डाव्या विचारांची दीक्षा त्यांनी आधीच घेतली होती. म्हणून प्रवासाने त्यांना विचार दिला असे मी म्हणणार नाही. त्या प्रवासाने त्यांच्या विचाराला काम दिले. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि तिथे जिल्ह्याच्या टोकाकडून आलेल्या वारल्यांनी आपली गाऱ्हाणी सांगितली. त्यानंतर झोपड्याझोपड्यांतून फिरताना जे दिसले ते पुस्तकात नव्हते. लग्नासाठी सावकाराकडून थोडे कर्ज घेणारा तरुण स्वतःसकट बायकोलाही त्याच्या दारी बांधून घेत असे आणि अशा माणसाला तिकडे ‘लग्नगडी’ असा शब्दच होता. एखाद्या प्रदेशात एखाद्या अन्यायाला इतका घरगुती शब्द असतो, तेव्हा तो अन्याय किती मुरलेला असेल याची कल्पना शहरात बसून येत नाही. २३ मे १९४५ला झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागण्यात आली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण प्राणास मुकले. ते गवत मुंबईच्या गोठ्यांकडे जात होते. म्हणजे तेव्हाही, आजच्या विटांसारखेच, तिकडच्या घामाचे टोक इकडेच येऊन मिळत होते.

पंडित नेहरूंचे उदाहरण तर त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात प्रांजळपणे नोंदवले आहे. १९२०च्या जूनमध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, इंग्लंडात शिकून आलेला हा वकील अलाहाबादच्या बंगल्यात होता, तेव्हा अलाहाबादजवळच्या प्रतापगड जिल्ह्याचे शेतकरी आपले हाल सांगायला यमुनेकाठी येऊन बसले होते आणि त्यांनी नेहरूंना सोबत येण्याचा आग्रह केला. तीन दिवस ते त्या खेड्यांत उन्हातान्हात हिंडले. आपल्या सुखवस्तू आयुष्याची आणि शहरी राजकारणाच्या क्षुद्रपणाची तिथे शरम वाटली, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. त्या शेतकऱ्यांचे पुढारी बाबा रामचंद्र हे मूळचे मराठी गृहस्थ होते आणि करारबद्ध मजूर म्हणून ते फिजीत राबून आले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. नेहरूंना त्या तीन दिवसांत जे मिळाले त्यात या माणसाच्या दूरच्या, कष्टाच्या प्रवासाचाही वाटा आहे. गांधीजींना तर आफ्रिकेतून परतल्यावर गोपाळ कृष्ण गोखले यांनी आधी वर्षभर देश पाहा आणि मग बोला, असेच बजावले होते. १९१५चे वर्ष त्यांनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत काढले आणि त्यानंतर दोन वर्षांनी चंपारणचा शेतकऱ्यांचा सत्याग्रह झाला.

परदेशातील ज्या प्रवासाचा तरुणांत सर्वाधिक बोलबाला आहे तो अर्नेस्तो गेवारा, म्हणजे पुढचे ‘चे’, यांचा. टी-शर्टावरचा त्यांचा चेहरा ठाण्याच्या स्टेशनाबाहेर मिळतो, म्हणून त्याविषयीही लिहायला हवे. १९५२मध्ये वैद्यकीचा हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी आल्बेर्तो ग्रानादो या मित्राबरोबर एका जुन्या मोटारसायकलवरून दक्षिण अमेरिका पाहायला निघाला. चिलीमध्ये गाडी मोडली आणि पुढचा प्रवास पायी, ट्रकच्या पाठीमागे बसून, मिळेल तसा झाला. मला वाटते, खरा प्रवास तिथूनच सुरू झाला, कारण स्वतःची गाडी असलेला माणूस पाहिजे तिथे थांबतो आणि नको तिथून निघून जातो. गाडी नसलेल्याला लोकांबरोबर थांबावे लागते. चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना वाळवंटातल्या थंडीत त्यांना एक खाणमजूर आणि त्याची बायको भेटली. अंगावर घ्यायला त्या दोघांजवळ एक घोंगडीही नव्हती, म्हणून या मित्रांनी आपल्यातली एक त्यांना दिली. तो मजूर साम्यवादी म्हणून तुरुंग भोगून आला होता आणि कामाच्या शोधात भटकत होता. पुढे दोघे पेरूमधल्या सान पाब्लो येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहिले.

या प्रवासातून गेवारा कोठे गेले हे सर्वांना ठाऊक आहे. ग्वाटेमालात १९५४ला निवडून आलेले सरकार उलथवले गेलेले त्यांनी पाहिले, मेक्सिकोत क्युबाचे क्रांतिकारक फिडेल कॅस्ट्रो भेटले, क्युबात क्रांती झाली आणि १९६७मध्ये बोलिव्हियात त्यांचा अंत झाला. त्यांनी हाती घेतलेल्या शस्त्रांचे आणि क्रांतीनंतर दिलेल्या शिक्षांचे समर्थन मी करू शकत नाही आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही मी ते कधी सांगितले नाही. मात्र पालकांनी ग्रानादोंकडेही पाहावे. त्याच रस्त्याने, त्याच मोटारसायकलवरून, तीच थंडी सोसत गेलेला हा दुसरा तरुण प्रयोगशाळेतला माणूस राहिला. १९६१ला तोही क्युबात गेला, पण तिथे त्याने सांतियागोला वैद्यकीय शिक्षण उभे करण्याचे काम केले आणि पुढेही तो अध्यापन-संशोधनातच राहिला. दोघांनी तेच पाहिले आणि दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. गरिबीचे दर्शन माणसाला ठरलेल्या एकाच पक्षाच्या दारात नेऊन सोडते, ही समजूत म्हणूनच बरोबर नाही. आपल्या तलासरीतच लाल बावट्याचे काम उभे राहिले आणि वनवासी मुलांची वसतिगृहेही उभी राहिली. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणूजवळच्या बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, त्यांनी कोणताच झेंडा घेतला नाही. मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरे राखतात, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द ज्याला सुचला त्याने गरिबी लांबून पाहिलेली नसणार. माझ्या विद्यार्थ्यांपैकीही एक जण आज मजुरांचे खटले विनामूल्य चालवतो, एक जण सेवाभावी वसतिगृहासाठी दर दिवाळीला धान्य गोळा करतो, आणि हजेरीपत्रकावर आकडे मांडणारा मुलगा बँकेत नोकरी करतो व माझ्याशी बहुतेक सगळ्या बाबतीत मतभेद बाळगतो. तिघेही एकमेकांच्या उमेदवारांना मत देणार नाहीत. तरी तिघांशी बोलताना बयाणा, खर्ची, कुपोषण हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत, याचे मला फार समाधान आहे.

पत्रलेखकांची एक शंका मात्र मी मान्य करते. नुसत्या फिरण्याने काहीच होत नाही, कधी कधी उलटेही होते. पावसाळ्यात ठाण्याहून शेकडो तरुण जव्हारला जातात, दाभोशाच्या धबधब्यापाशी छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी परततात. त्यांच्या डोळ्यांसमोर तो प्रदेश हिरवागार, वाहत्या पाण्याचा असतो. तिथली माणसे मागे का, असे विचारले तर ‘आळशी आहेत, दारू पितात’ असे उत्तर मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे. शिबिरांचेही काही वेळा असेच होते. एका महाविद्यालयाचे शिबिर पाड्याजवळच्या विश्रामगृहात झाले, मुलांनी अर्धा दिवस झाडू हातात घेऊन छायाचित्रे काढली आणि अहवाल मात्र सात दिवसांच्या श्रमदानाचा गेला, हे मला ठाऊक आहे. अशा सहलीतून मुले दया घेऊन येतात, नाहीतर तिरस्कार घेऊन येतात, आणि दोन्हींची सवय पुढे आयुष्यभर जात नाही. आमच्या बंधाऱ्याचीही हकीकत सांगितली पाहिजे. आम्ही तो घातला, फलक लावून छायाचित्र काढले, आणि पुढच्या वर्षी त्याच पाड्यावर गेलो तेव्हा पावसात गोण्या वाहून गेलेल्या होत्या. गावकऱ्यांनी आम्हाला काही म्हटले नाही. मुलांना मात्र लाज वाटली. आपण जे बांधले ते कोणी राखायचे, ग्रामपंचायतीत त्याचा ठराव होता का, ओढ्याचे पाणी कोणाच्या हद्दीत, हे प्रश्न त्या लाजेतून निघाले. दुसऱ्यांदा गेलो नसतो तर निघाले नसते.

आणि पाण्याविषयी तर आपण ठाणेकरांनी मुलांना गप्प बसवू नये, कारण याबाबतीत आपण ऋणको आहोत. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण कातळावरून तो वाहून जातो. शहापूर तालुक्यात १८९२चे तानसा धरण आहे, भातसा आहे, त्याच डोंगररांगांत वैतरणेवरची धरणे आहेत. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसातून येते आणि आपल्या ठाण्याच्या नळांनाही त्याच नदीचे पाणी येते. त्याच शहापुरातल्या वाड्यापाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. वैशाखात एकदा मी तिकडे गेले होते तेव्हा एका विहिरीच्या तळाशी एक तरुण मुलगी उतरलेली पाहिली. खडकातून झिरपणारे पाणी ती करवंटीने भांड्यात भरत होती आणि वर पाच बायका आपापले हंडे घेऊन पाळीची वाट पाहत बसल्या होत्या. माझ्यासमोर एक हंडा भरायला जो वेळ लागला तेवढ्यात आमच्या सोसायटीच्या टाकीवरून पाणी ओसंडून गटारात जाते आणि कोणी तरी रखवालदाराला हाक मारते. नवी मुंबईकरांचेही पाणी खालापूरजवळच्या मोरबे धरणातून येते आणि त्या धरणाखाली गेलेल्या जमिनींचीही माणसे आहेत. मुलाने हे जेवताना बोलून दाखवले तर ते घरात राजकारण आणणे होत नाही. पाणी आधीच घरात आलेले आहे.

पत्रलेखक लिहितात, की आमच्या वेळी असे नव्हते. मार्च २०१८ त्यांना आठवत असेल. ६ मार्चला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी आणि आदिवासी कसारा घाट उतरून, शहापूर-भिवंडीवरून आपल्या ठाण्यात आले होते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या जमिनीचा पट्टा मिळावा, ही त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी एक होती. द्रुतगती मार्गाच्या कडेला मी उभी होते. साठी उलटलेल्या एका बाईच्या टाचेला पडलेल्या भेगांतून रक्त येत होते आणि तिने पायाला लुगड्याची चिंधी गुंडाळली होती. आमच्या इमारतीतल्या मुलांनी धावत जाऊन घरातल्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या आणल्या. पुढे शीवजवळ पोहोचल्यावर सोमवारी दहावीची परीक्षा आहे, मुलांची अडचण नको, म्हणून ते दमलेले लोक रात्रीतच आझाद मैदानाकडे चालत गेले. त्या रात्री ठाण्या-मुंबईच्या मुलांना कोणी कुठे नेले नव्हते. तो प्रदेशच पायी चालत त्यांच्या दारावरून गेला. चपला देणाऱ्यांपैकी एका मुलाने मला दुसऱ्या दिवशी विचारले होते, “जमीन तेच कसतात, मग कागद का मिळत नाही?” त्याला मी काय उत्तर द्यायला हवे होते, हे पत्रलेखकांनी मला सांगावे.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभागाला श्रेयांक मिळू लागले आहेत, त्यामुळे आता सेवा योजनेत नसलेली मुलेही खेड्यात जातील. श्रेयांकांचे कागद भरून काम संपवायचा मोह मोठा आहे. म्हणून प्राचार्यांना आणि विद्यापीठाला माझी साधी विनंती आहे. शिबिरे डिसेंबरातच उरकू नयेत. तेव्हा विहिरींना पाणी असते आणि माणसे पाड्यावर नसतात, त्यामुळे मुलांना अर्धेच दिसते. शक्य असेल तर तीच तुकडी वैशाखात पुन्हा त्याच पाड्यावर न्यावी, आणि परतीच्या वाटेवर भिवंडी-कल्याणच्या बाजूला त्याच पाड्याची माणसे जिथे राबतात तिथे एक दिवस थांबावे. एकाच गावाशी निदान तीन वर्षे संबंध ठेवावा. १९६९मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ही योजना सुरू झाली, तिचा मूळ हेतू याहून वेगळा नव्हता.

आणि ज्या पालकांच्या पत्रामुळे हे लिहिले त्यांना एक निमंत्रण आहे. येत्या वैशाखात एका रविवारी त्यांनी आपल्या मुलाबरोबर त्या पाड्यावर यावे. ठाण्याहून जव्हारकडे एसटीने जाता येते, फाट्यावर उतरल्यावर शेवटचे तीनएक किलोमीटर मात्र चालावे लागतात आणि वाटेत सावली नाही, म्हणून सकाळी लवकर निघायला हवे. ते यायला तयार असतील तर मी सोबत येईन. नागली पाखडणाऱ्या त्या आजी अजून आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)